तळटीप १२ : सेंट्रोमिअरचा वारसा

१२. सेंट्रोमिअर : पेशी विभागताना गुणसूत्राच्या ज्या जागी तर्कुतंतू जोडले जातात, ती जागा. माणसात इथे १७१ अक्षरांचा डीएनएचा तुकडा हजारो वेळा ओळीने येतो. म्हणून ही जागा डीएनएचा मजकूरच ठरवतो, असा वाचकाचा समज होणे स्वाभाविक आहे. पण १९९३ साली मेलबर्नच्या संशोधकांनी माणसाच्या १० क्रमांकाच्या गुणसूत्रापासून बनलेल्या एका लहान गुणसूत्रावर असा तुकडा मुळीच नसलेला सेंट्रोमिअर दाखवला, आणि तो पेशींच्या पिढ्यान्‌पिढ्या चोख काम करत होता.

जागेची खरी खूण म्हणजे सेनपी-ए हे प्रथिन. डीएनए ज्या हिस्टोनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांपैकी एच-३ ची जागा इथे ते घेते. डीएनएची प्रत निघताना जुने सेनपी-ए दोन्ही प्रतींत वाटले जाते, त्यामुळे प्रत्येकीच्या वाट्याला साधारण निम्मेच येते. ही तूट लगेच भरली जात नाही. पेशी त्या अर्ध्या खुणेवरच विभागते. विभाजन आटोपल्यावर कन्यापेशींमध्ये एचजेयूआरपी हे प्रथिन नवे सेनपी-ए आणून जुन्याच्या शेजारी बसवते. जुने असेल तिथेच नवे बसते, म्हणून जागा ढळत नाही. मूळ ग्रंथातील ‘डीएनएबाहेरची आनुवंशिकता’ या शब्दप्रयोगाचा इतका नेमका पुरावा क्वचितच सापडतो. अपवाद साध्या यीस्टचा : तिथे सुमारे १२५ अक्षरांचा ठरावीक मजकूरच सेंट्रोमिअरची जागा ठरवतो. — संपा.