इन्शुलिन बनवणारी पेशी घडवताना

शाळेच्या पुस्तकात इन्शुलिनची ओळख ‘रक्तातील साखर कमी करणारे संप्रेरक’ अशी असते. ती बरोबर आहे, पण अर्धीच. स्वादुपिंडातील ज्या बीटा पेशी ते तयार करतात त्यांचे खरे कसब निराळे आहे. साखर किती आहे याकडे सतत लक्ष ठेवायचे, वाढली की इन्शुलिन सोडायचे, उतरली की हात आखडता घ्यायचा. या पेशी प्रयोगशाळेत घडवताना संशोधक अडले ते इथेच.

१८६९ साली बर्लिनमध्ये पॉल लँगरहान्स या विद्यार्थ्याने स्वादुपिंडात विखुरलेल्या पेशींच्या पुंजक्यांचे वर्णन केले. त्यांचे कार्य त्याला उमगले नाही. १८८९ मध्ये मिंकोव्हस्की व फॉन मेरिंग यांनी स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्याला मधुमेह होतो हे दाखवले. मग गेलेले परत बसवले तर? डिसेंबर १८९३ मध्ये ब्रिस्टल येथे पंधरा वर्षांच्या एका मधुमेही मुलाच्या त्वचेखाली मेंढीच्या स्वादुपिंडाचे तुकडे बसवले गेले. मुलगा तीन दिवसांत दगावला. परक्या ऊती शरीर का नाकारते हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. कल्पना मात्र चुकीची नव्हती.

१९२२ पासून टोरांटोच्या इन्शुलिनने जीव वाचू लागले आणि पेशींचा विषय मागे पडला. पण सुईतून इन्शुलिन मिळते, मोजमाप मिळत नाही. ते रुग्णाने, किंवा मूल लहान असेल तर आईबापांनी करायचे, रात्रीसुद्धा.

१९६७ मध्ये अमेरिकेत पॉल लेसी यांनी कोलॅजिनेज हे विकर वापरून उंदराच्या स्वादुपिंडातून हे पुंजके अखंड सोडवून घेतले. २००० साली कॅनडातील एडमंटन येथे सात रुग्ण अशा मानवी पुंजक्यांच्या रोपणाने इन्शुलिनमुक्त झाले. मात्र एकेका रुग्णाला एकाहून अधिक मृत दात्यांचे स्वादुपिंड लागत होते. एवढे दाते आणायचे कोठून? बशीत वाढवावे, तर पक्व बीटा पेशी सहसा विभागत नाहीत आणि विभागल्या तर आपले काम विसरतात.

उरली मूलपेशी. हार्वर्डचे डग्लस मेल्टन बेडकाच्या भ्रूणविकासावर काम करत. १९९१ मध्ये त्यांच्या सहा महिन्यांच्या मुलाला मधुमेह झाला आणि त्यांनी विषयच बदलला. भ्रूणात स्वादुपिंड ज्या टप्प्यांतून घडते तेच टप्पे एकेक रसायन देऊन चंचुपात्रात गाठायचे, असा मार्ग होता. १९९८ मध्ये मानवी भ्रूणातील मूलपेशी हाती आल्या. २००६ मध्ये कॅलिफोर्नियातील एका गटाने इन्शुलिन असलेल्या पेशी मिळवल्याही, पण ग्लुकोज वाढवले तरी त्या जवळजवळ ढिम्मच. इन्शुलिन होते, मोजमाप नव्हते! ऑक्टोबर २०१४ मध्ये मेल्टन यांच्या गटाने सहा टप्प्यांत, महिन्याहून अधिक काळ ढवळत्या द्रवात वाढवलेल्या पेशी सादर केल्या. त्यांना पुन:पुन्हा ग्लुकोज दिले की त्या पुन:पुन्हा इन्शुलिन सोडत.

मूलपेशींपासून केलेल्या अशा पेशींची पूर्ण मात्रा मिळालेल्या बारांपैकी दहा रुग्णांना वर्षभरानंतर इन्शुलिन टोचावे लागत नव्हते, असे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. या पेशी परक्या असल्याने प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे मात्र चालू ठेवावी लागतात. त्यात पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीर स्वतःच्या बीटा पेशींवरही उलटलेले असते. चीनमध्ये २०२३ साली एका तरुणीला तिच्याच पेशींपासून घडवलेले पुंजके दिले. अडीच महिन्यांत तिचे इन्शुलिन सुटले. पण पूर्वीच्या यकृतरोपणामुळे ती ही औषधे आधीपासूनच घेत होती. त्यामुळे औषधांवाचून तिच्या शरीराने त्या पेशी टिकू दिल्या असत्या का, हे त्या प्रयोगातून कळले नाही.