गवताच्या भाऱ्यातून काय काय गेलं?

आजचा भाग गवतावर आहे. स्किप करू नका. यात संप आहे, गोळीबार आहे आणि थोडी केमिस्ट्रीसुद्धा आहे.

वाणगाव म्हटलं की मिरची आठवते, पुढच्या स्टेशनाला डहाणूचा चिकू. पण रेल्वेच्या पूर्वेला टेकड्यांच्या उतारावर जी जमीन लागते, तिला जुन्या महसुली भाषेत 'वरकस' म्हणतात. खाली खाचरात भात आणि वर वरकस. तिथे दोन-तीन वर्षं नाचणी-वरी घ्यायची, मग जमीन पडीक ठेवायची आणि गवत वाढू द्यायचं. गुरंही तिथेच चरायची. भाताची रोपं करायच्या आधी राब भाजतात ना, त्यासाठी लागणारा पाला, फांद्या, सुकं गवत हे सगळंही वरूनच यायचं. थोडक्यात, वरकसाने द्यायचं आणि खाचराने घ्यायचं.

हा व्यवहार किती महत्त्वाचा होता बघा. इंग्रजांच्या जंगलखात्याने लाकूड-पाल्यावर बंधनं आणली तेव्हा ठाणे-कुलाब्यातून इतक्या तक्रारी गेल्या की १८८५ मध्ये चौकशीसाठी फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. पुढे १९४८ च्या मुंबई कुळकायद्यात 'शेती'च्या व्याख्येतच गवत उगवणं, स्वतःची गुरं चारणं आणि राबासाठी जमीन वापरणं, हे तिन्ही आलं. खताची सोय थेट कायद्याच्या व्याख्येत! मला हे वाचून जाम भारी वाटलं.

पण तोपर्यंत गवताला दुसरं गिऱ्हाईक मिळालं होतं. १८६४ मध्ये मुंबई-सुरत रेल्वेमार्ग सुरू झाला. मुंबईत घोडे होते, म्हशींचे तबेले होते आणि त्यांना रोज चारा लागायचा. जमीनदाराच्या दृष्टीने गवत म्हणजे सोपं पीक: नांगरट नाही, बियाणं नाही. कापणीला लोक तेवढे लागायचे, आणि ते होते वारली. बऱ्याचदा वेठीवर राबणारे.

१९४५ मध्ये हे फिरलं. २३ मे रोजी झरीला हजारो आदिवासींची परिषद झाली. गोदावरी आणि शामराव परुळेकर किसान सभेचं काम करत होते. ऑक्टोबरात गवत कापणीला आलं तेव्हा वारल्यांनी संप केला. मागणी सरळ होती: ५०० पौंड गवत कापायला अडीच रुपये. १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि इतर चार जण मारले गेले. गोदावरीबाईंचं 'जेव्हा माणूस जागा होतो' वाचलं नसेल तर जरूर वाचा.

आता इथे माझ्यातला इंजिनिअर जागा होतो. त्या ५०० पौंडांचा दुसरा हिशेब करून बघू. ५०० पौंड म्हणजे साधारण २२७ किलो. पिकून वाळलेल्या गवतात नत्र एक टक्क्याच्या आतबाहेर असतं. म्हणजे दर अडीच रुपयांच्या कापणीमागे जमिनीतून दीड-दोन किलो नत्र गेलं, जवळपास तितकंच किंवा थोडं जास्त पालाश गेलं, आणि पाव किलोच्या आसपास स्फुरद. आजच्या युरियात मोजलं तर एकट्या नत्राचेच तीन ते पाच किलो होतात. गाय माळावर चरते तेव्हा तिने खाल्लेल्यातलं बरंचसं शेण-मुतातून तिथेच परत पडतं. भारा बांधून वॅगनमध्ये गेला की त्याचं शेण मुंबईच्या तबेल्यात पडणार. मजुराला अडीच रुपये देतानाही ज्यांचा हात आखडत होता, ते मातीला काय देणार? आणि वरून पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या आसपास, उताराची उथळ माती, जे विरघळेल ते ओढ्याला.

दरवर्षी गवत कापून नेलं तर जमिनीचं काय होतं, याचा एक प्रयोग इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडला १८५६ पासून आजतागायत चालू आहे. 'पार्क ग्रास' म्हणतात त्याला. खत न दिलेल्या तुकड्यांत उत्पन्न कमी, पण गवतं-वनस्पतींच्या तीसेक जाती टिकून. ज्या तुकड्यांत वर्षानुवर्षं अमोनियम सल्फेट टाकलं आणि चुना दिला नाही, तिथे माती आम्ल झाली आणि जाती दोन-चारवर आल्या. म्हणून कुणी 'माळावर युरिया फेका, गवत डबल' म्हणालं तर लगेच गोणी उचलू नका. लाल, आम्ल मातीत स्फुरद लोह-ॲल्युमिनियमला चिकटून बसतं. तिथे आधी सामू बघावा लागतो. मग गरज असेल तर चुना, सुपर फॉस्फेट, आणि नत्रासाठी गवतात स्टायलोसारखी शेंगवर्गीय वैरण पेरणं, हे जास्त शहाणपणाचं.

२०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिका आहे, तिच्यात सामू, क्षारता, सेंद्रिय कर्बासकट १२ गोष्टी मोजतात. लोक भाताचा नमुना देतात, चिकूचा देतात. माळाचा नमुना द्यायचं कुणाच्या मनातही येत नाही, कारण 'तिथे काय, नुसतं गवत'.

तुमच्या घरची वरकस असेल तर या उन्हाळ्यात करून बघा. शेणाचा पो, झाडाची सावली, गुरं बसतात ती जागा आणि जुना राब सोडून पंधरा-वीस ठिकाणी इंग्रजी व्हीच्या आकाराचा खड्डा घ्या. त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडा, सगळी एकत्र करून सावलीत सुकवा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत अर्धा किलो उरवा. गट नंबर लिहा. कुठे द्यायचं ते कोसबादच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. आणि पिशव्या दोन करा: एक जिथलं गवत दरवर्षी कापून विकलं जातं त्या तुकड्याची, दुसरी जिथे गुरं चरतात त्याची. रिपोर्ट शेजारी-शेजारी ठेवून फोटो पाठवा, पुढच्या भागात वाचू.