वाढलेला खर्च जातो कुठे?

आमच्या घरात कांद्याचे दोन हिशेब चालायचे. वडिलांकडची माणसं बागवान, तालुक्याच्या बाजारात भाजीचं दुकान. आजोळी चार एकर शेती. टेम्पोचं भाडं वाढलं की अब्बा दुसऱ्याच दिवशी किलोमागे आठ आणे वाढवायचे. गिऱ्हाईक कुरकुरायचं, पण घ्यायचं. डिझेल महागल्यामुळे मामूंच्या नांगरटीचा खर्चही वाढलेला असायचा. मामू मात्र बाजार समितीतून हातात पट्टी घेऊन परतायचे. लिलावात पुकारलेला भाव आणि त्यातून वजा झालेली अडत, हमाली, तोलाई. त्या कागदावर डिझेलसाठी रकाना नव्हता.

कांदा तोच, महागाईही तीच. एकाला ती भावात घालता येते, दुसऱ्याला येत नाही. असं का, हे समजून घ्यायला बरंच मागे जावं लागतं.

धान्याचे भाव बांधण्याचा भारतातला सर्वांत गाजलेला प्रयोग अलाउद्दीन खिलजीचा. मंगोलांच्या स्वाऱ्या थोपवायला त्याला मोठी फौज हवी होती. झियाउद्दीन बरनीने ‘तारीख-ए-फिरोजशाही’त लिहून ठेवलंय की, चालू भावानं पगार दिले तर पाच-सहा वर्षांत खजिना रिकामा होईल, असा हिशेब दरबारात झाला. मग सैनिकाचा पगार वर्षाला २३४ टंके ठरला आणि त्यात त्याचं भागावं म्हणून भाव बांधले गेले. गहू मणाला साडेसात जितल, जव चार, तांदूळ पाच. (तेव्हाचा मण आजच्यापेक्षा बराच लहान होता.) कापड आणि घोड्यांचेही दर ठरले. दुआबातल्या शेतकऱ्याकडून निम्मं पीक सारा म्हणून घेतलं जाई. उरलेल्यातलं घरापुरतं ठेवून बाकीचं ठरल्या दरानं शेतावरच व्यापाऱ्यांना विकावं लागे. साठा करायला बंदी होती.

बरनी म्हणतो, हे सगळं फौजेसाठी होतं. याउलट, हजरत नसिरुद्दीन चिराग देहलवी यांच्या संवादांचा संग्रह असलेल्या ‘खैरुल मजालिस’मध्ये हेतू रयतेच्या कल्याणाचा सांगितला आहे. इतिहासकार आजही यावर वाद घालतात. आपल्याकडे तर खिलजीचं नाव निघालं की, एक बाजू त्याला गरिबांचा वाली ठरवते आणि दुसरी जुलमी. पण सैनिक असो की दिल्लीचा नागरिक, दोन्ही उत्तरांत खाणारा दिसतो. पिकवणाऱ्याला साडेसात जितलात गहू परवडत होता का, हा प्रश्न दोन्हीकडे नाही. १३१६मध्ये सुलतान वारला आणि त्याच्या मुलाच्या काळात ही व्यवस्था मोडली. मात्र शेतमालाचा भाव खाणाऱ्याच्या सोयीनं ठरवण्याची सवय सुलतानांबरोबर गेली नाही.

स्वतंत्र भारतात १९६५ साली कृषी मूल्य आयोग स्थापन झाला. देशात धान्याची टंचाई होती आणि अमेरिकेच्या गव्हावर रेशन चालत होतं. पिकवणारा आणि खाणारा, दोघांचं हित सांभाळणारे भाव सुचवणं हे आयोगाचं काम होतं. त्याच सुमारास हरितक्रांती आली आणि शेतीचा खर्चच बदलला. पूर्वी बी घरातलं, खत गोठ्यातलं, नांगराला बैल दारातले. आता संकरित बी, युरिया, औषधं, डिझेल हे सारं रोख पैसे मोजून आणायचं. १९७३मध्ये जगात तेल भडकलं आणि पाठोपाठ आपल्याकडे खताच्या किमती झपाट्यानं चढल्या. दुकानात खताचा भाव दुकानदार सांगतो, बाजार समितीत कांद्याचा भाव व्यापारी सांगतो. शेतकरी दोन्हीकडे ऐकणारा.

ही गोष्ट आकड्यांत मांडली शरद जोशींनी. स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून ते परतले आणि चाकणजवळच्या आंबेठाणला त्यांनी कोरडवाहू जमीन घेतली. स्वतः शेती करून खर्च लिहिला आणि निष्कर्ष काढला की शेती तोट्यात आहे, कारण ती तोट्यात ठेवली जाते. १९८०मध्ये चाकणला कांद्यासाठी रस्ता अडवला गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नाशिक जिल्ह्यात कांदा आणि उसाचं आंदोलन पेटलं. उसाला टनामागे ३०० रुपये मागितले होते. खेरवाडीला पोलिसांच्या गोळीबारात दोन शेतकरी मेले. तेव्हा मुख्यमंत्री होते बॅ. अब्दुल रहमान अंतुले. राज्याचे पहिले मुस्लिम मुख्यमंत्री म्हणून आपण त्यांचं नाव अभिमानानं घेतो. संजय गांधी निराधार योजना आठवतो. मग त्याच पानावर खेरवाडीही लिहिलेली असावी.

आंदोलनाची मागणी साधी होती. उत्पादन खर्चावर आधारित भाव द्या. म्हणजे अब्बा दुकानात जे रोज करत, तेच मामूंना करू द्या.

पुढचा वाद खर्चात काय धरायचं यावर आला. रोख खर्च अधिक घरच्यांच्या मजुरीचं मोल हा एक हिशेब. त्यात स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलावरचं व्याज मिळवलं की दुसरा, मोठा हिशेब होतो. स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालील शेतकरी आयोगानं २००६मध्ये खर्चाच्या वर किमान पन्नास टक्के द्यायला सांगितलं. २०१८च्या अर्थसंकल्पात दीडपट भावाची घोषणा झाली, पण ती पहिल्या, लहान हिशेबावर. आणि कांदा तर हमीभावाच्या यादीतच नाही. त्याचे भाव चढले की सरकार धावतं. ऑगस्ट २०२३मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं, डिसेंबरमध्ये निर्यातच बंद झाली. भाव पडले की इतकी घाई दिसत नाही.

मग वाढलेला खर्च जातो कुठे? तो भावात जात नाही, म्हणून घरात शिरतो. आजोळी कांद्याच्या लावणीला आधी सहा बाया मजुरीनं यायच्या. मजुरी वाढली तशा त्या तीन झाल्या आणि उरलेल्या सऱ्यांवर मामानी आणि त्यांच्या दोन मुली वाकल्या. मोठीची शाळा त्या हंगामात बुडायची. एका वर्षी कायमची सुटली. मामू म्हणायचे, ‘‘या साली खर्च आटोक्यात ठेवला.’’ खर्च आटोक्यात आला नव्हता, तो मुलीनं भरला होता. लहान शेती महागाईतही तग धरते ती अशी. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, परवडत असेल म्हणूनच करतात.

अब्बांचं दुकान आता भाऊ चालवतो. कांदा चाळीस रुपयांवर गेला की लोक त्याच्याशी भांडतात आणि बातम्यांत महागाईची चर्चा सुरू होते. त्या चाळीसातले शेतकऱ्याला किती मिळाले, हा पहिला प्रश्न. आणि ते पिकवायला त्याच्या घरातल्या किती जणांनी विनामजुरी काम केलं, हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाचा रकाना पट्टीवर आजही नाही.