पनामाचा कालवा : खोदलेली माती न्यायची कशी?

हदगाव तालुक्यातून इसापूर धरणाचा कालवा जातो. अशा कालव्यातला गाळ काढायला पोकलेन आले की मुले काठावर गोळा होतात. सगळ्यांचे डोळे त्या लांब हातावर! पण जरा वेळ उभे राहून पाहा. टिप्पर यायला उशीर झाला की पोकलेन नुसते थांबून राहते. पनामाच्या कालव्याचा इतिहास बराचसा याच अडचणीचा इतिहास आहे.

सुएझचा कालवा १८६९ मध्ये पुरा करणाऱ्या फर्डिनांड द लेसेप्स यांच्या कंपनीने १८८१ मध्ये पनामात काम सुरू केले. सुएझच्या वाळूतला अनुभव इथे अपुरा पडला. साखळीला बादल्या लावून माती उचलणारी यंत्रे ओल्या चिकणमातीत अडकत. शिवाय पिवळा ताप आणि मलेरिया होतेच. हजारो माणसे मेली आणि १८८९ मध्ये कंपनी बुडाली.

१९०४ मध्ये अमेरिकेने काम हाती घेतले. पुढच्या वर्षी मुख्य अभियंता म्हणून आलेले जॉन स्टीव्हन्स हे रेल्वेतले. त्यांनी आधी काय केले असेल? खोदाईच थांबवली! डासांचा बंदोबस्त, राहायला घरे आणि भक्कम रूळ एवढे झाल्यावरच पुन्हा काम.

कुलेब्राचा डोंगर फोडायला ९५ टनी ब्युसायरस वाफेची फावडी होती. एका घासात सुमारे ८ टन दगडमाती. घमेल्यात २० किलो माती धरली, तर ही ४०० घमेली झाली. पण खरी करामत पुढे आहे. माती एका बाजूने उघड्या वाघिण्यांत भरत. दोन वाघिण्यांमधल्या फटीवर पोलादी पत्रे टाकलेले असत. गाडीच्या एका टोकाला नांगर ठेवून दुसऱ्या टोकाकडून तारदोराने ओढला की वीस वाघिण्यांची सगळी माती सुमारे दहा मिनिटांत बाहेर! खोदाई सरके तसे रूळही सरकवावे लागत. त्यासाठीच्या यंत्रावर डझनभरही माणसे लागत नसत. हातांनी तेच काम करायला सहाशे लागली असती.

यंत्रे आली म्हणून माणसांचे हाल संपले, असे मात्र नाही. सुरुंगाची भोके पाडणारे, दारू ठासणारे मजूर बहुतेक बार्बाडोससारख्या बेटांवरचे. अमेरिकी काळातल्या नोंदीत ५,६०९ मृत्यू आहेत. फावड्यांच्या छायाचित्रांत हे मजूर सहसा कोपऱ्यात दिसतात.

आणि डोंगर? तो गप्प बसला नाही. १९०७ च्या ऑक्टोबरात, पावसात, कुकाराचाची दरड खाली सरकत आली. जेवढे खोदावे तेवढे वरून येई. उपाय एकच होता : उतार आणखी पसरट करायचा, म्हणजे पुन्हा खोदाई. १५ ऑगस्ट १९१४ रोजी कालवा सुरू झाला. १९१५ च्या सप्टेंबरात मोठ्या दरडींनी तो जवळजवळ सात महिने बंद पाडला. आता पाण्यात रूळ कुठले? तरंगती गाळउपसा यंत्रे, म्हणजे ड्रेजर, कामाला लागली. त्यांचे काम आजही चालूच आहे.

उतार पसरट का करावा लागतो, हे वर्गात दाखवता येते. आपल्या काळ्या मातीची भुकटी ताटात ओता आणि ढिगाचा कोन मोजा. मग त्यावर हळूहळू पाणी शिंपडत राहा. ढीग कधी बसतो, हे मुलांनाच पाहू द्या.