हायकोर्टाचा संयम : एक बेळगावी धागा

बेळगाव जिल्हा 1956 च्या 1 नोव्हेंबरपर्यंत मुंबई हायकोर्टाच्या अधिकाराखाली होता, हे आता नव्या पिढीला सांगावं लागतं. त्या कोर्टाच्या इतिहासाशी आपल्या गावाचा एक धागा असा जुळला आहे की तो विसरून चालणार नाही.

सुरुवात 1908 पासून करू. 22 जुलैला न्या. दावर यांनी लोकमान्य टिळकांना सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा दिली. त्या खटल्यावर 'मराठा' पत्रात जो मजकूर आला, त्याबद्दल संपादक न. चिं. केळकर यांच्यावर कोर्टाच्या बेअदबीचा खटला झाला. शिक्षा 14 दिवसांची साधी कैद आणि 1000 रुपये दंड. कोर्टावर बोललात, तर तुरुंग पाहावा लागेल, असाच अर्थ लोकांनी घेतला असणार.

पुढे 1916. मंडालेहून सुटून आलेल्या टिळकांनी 1 मे रोजी बेळगावात होमरूलवर मराठीतून भाषण केलं. नगरलाही दोन भाषणं झाली. 23 जुलैला, नेमक्या साठाव्या वाढदिवशी, त्यांच्या हाती नोटीस पडली. वर्षभर नीट वागण्याची हमी म्हणून पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने 20,000 रुपयांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले. हा खटला बेअदबीचा नव्हे, राजद्रोही भाषणाचा. पण प्रश्न तोच होता. सत्तेवरची टीका कुठवर सोसायची?

हायकोर्टात जीना टिळकांच्या बाजूने उभे राहिले. न्या. बॅचलर आणि न्या. शहा यांनी सुटी वाक्यं उचलली नाहीत. भाषणं अख्खी वाचायची आणि श्रोत्यावर एकंदर परिणाम काय होतो ते पाहायचं, ही त्यांची रीत. 9 नोव्हेंबरला हुकूम रद्द झाला.

तिसरा प्रसंग 1920 चा. अहमदाबादचे जिल्हा न्यायाधीश केनेडी यांनी सत्याग्रहाची शपथ घेतलेल्या वकिलांविषयी हायकोर्टाला पत्र लिहिलं होतं. प्रकरण कोर्टापुढे असतानाच गांधीजींनी ते पत्र टीकेसह 'यंग इंडिया'त छापलं. कोर्टाने माफी मागायला सुचवलं. गांधीजी म्हणाले, माफी नाही. शिक्षा द्याल ती भोगीन. कोर्टाने बेअदबी झाली असं ठरवलं खरं, पण 12 मार्चला गांधीजी आणि प्रकाशक महादेव देसाई यांना कडक समज देऊन सोडून दिलं. ना दंड, ना कैद. माफी न मागणाऱ्याला तुरुंगात धाडलं असतं तर प्रतिष्ठा कोणाची वाढली असती, हे सांगायला नको.

म्हणजे 1908 ला कोर्ट कडक होतं आणि पुढे शहाणं झालं, असं सरळ गणित मांडावंसं वाटतं. पण तसं नाही. 1924 मध्ये 'केसरी'तल्या लिखाणाबद्दल त्याच केळकरांना बेअदबीसाठी पुन्हा दंड झाला. संयम एकदा शिकला की कायमचा अंगी राहतो असं नसतं. दर खटल्यात, दर न्यायाधीशाला तो नव्याने दाखवावा लागतो.

शेवटचा प्रसंग मात्र आपल्याच सरत्या वर्षातला. 1956 ला टिळकांच्या जन्मशताब्दीनिमित्त सरन्यायाधीश छागला यांनी हायकोर्टात, ज्या दालनात शिक्षा सुनावली होती त्याच्या बाहेर, एक शिला बसवली. तिच्यावर टिळकांचे त्या दिवशीचे उद्गार आहेत : ज्यूरीने काहीही ठरवलं तरी मी निर्दोष आहे आणि या न्यायासनाहूनही वर शक्ती आहेत, अशा आशयाचे. आपल्याच निकालाला दिलेलं हे उत्तर कोर्टाने स्वतःच्या भिंतीवर कोरून घेतलं.

तेव्हा बेळगाव अजून त्याच कोर्टाखाली होतं. काही महिन्यांत ते नातं संपलं. कधी मुंबईला गेलात तर ती शिला जरूर पाहा. तिच्यासमोर उभं राहताना आपल्या गावातलं 1 मे 1916 चं भाषणही आठवा.