समूहचित्र आणि सायंप्रकाश

आपल्या ज्ञातिसंमेलनाचा क्रम बहुतेक ज्ञातिबांधवांस तोंडपाठ आहे. ईशस्तवन, अहवालवाचन, गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार, अध्यक्षीय भाषण, आभारप्रदर्शन आणि मग, उन्हे कलल्यावर, समूहचित्र. या शेवटच्या स्थानामुळे मंडळाच्या चित्रसंग्रहाचे काय झाले, हे गतवर्षी कार्यालयातील कपाट आवरताना आम्हांस प्रथमच नीट दिसले.

कपाटातील सर्वांत जुने चित्र जाड पुठ्ठ्यावर चिकटविलेले आहे. त्यावर साल नाही, नावेही नाहीत. पायऱ्यांवर चार रांगा, मध्यभागी पगडीधारी वृद्ध मंडळी, एका कडेस सात-आठ स्त्रिया. सभा आटोपल्यावरच्या लांब सावल्या अंगणात पडलेल्या. आमच्या मदतीस आलेल्या एका विद्यार्थिनीने ते पाहून विचारले, "गुरुजी, त्या काळी बायका काळे कुंकू लावीत असत काय?" खरोखरच साऱ्यांची कुंकवे काळी आहेत. पगड्याही काळ्या. चेहरे तर इतके काळवंडलेले, की आपले सारे पूर्वज एकाच पाषाणातून घडविले होते असे वाटावे.

दोष कुंकवाचा नव्हे, काचेचा आहे. जुन्या काळी फोटो काचेवर घेत, आणि तिच्यावरील चांदीच्या क्षारांचा लेप केवळ निळ्या-जांभळ्या प्रकाशास दाद देई. तांबडा रंग त्याच्या लेखी अंधारच. सावळ्या कांतीवरून निळा प्रकाश थोडाच परततो, म्हणून मुद्राही असावी त्याहून काळी उमटे. त्यात वेळ संध्याकाळची. सूर्य क्षितिजाकडे झुकला म्हणजे त्याच्या किरणांस हवेचा अधिक मोठा थर भेदावा लागतो. निळा प्रकाश वाटेतच विखुरतो आणि आपल्यापर्यंत तांबूस-पिवळा तेवढा पोहोचतो. आपल्या डोळ्यांस ती वेळ रम्य वाटते. काचेच्या दृष्टीने तिन्हीसांजा केव्हाच होऊन गेलेल्या असत.

१८७३ साली हेर्मान फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने लेपात रंगद्रव्य मिसळून काचेस हिरव्या-पिवळ्या प्रकाशाची जाण आणली. तांबड्यासह सर्व रंग जाणणाऱ्या काचा १९०६ च्या सुमारास विक्रीस आल्या. परंतु त्या गडद अंधारात धुवाव्या लागत. जुन्या काचा तांबड्या दिव्याच्या उजेडात, डोळ्यांनी पाहत धुता येत. त्यामुळे जुन्या पद्धतीच्या काचा पुढेही पुष्कळ वर्षे वापरात राहिल्या. यास्तव केवळ काळ्या कुंकवावरून चित्राचे साल ठरवू पाहणाऱ्यांनी सावध असावे.

आपल्या प्रांतात ही कला फार लवकर आली. १८३९ साली पॅरिसमध्ये दागेरची पद्धत जाहीर झाली, आणि १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झालीही. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळचे नामांकित छायाचित्रकार. पुढे ओल्या काचेची पद्धत रूढ झाली. काच ओली असतानाच चित्र घ्यावयाचे आणि ओली असतानाच धुवावयाचे. त्यासाठी अंधारी राहुटी सोबत न्यावी लागे. कित्येक सेकंद निश्चल राहणे एकट्यादुकट्यास साधे, पन्नास जणांत एखादे मूल तरी मान वळवीच. १८७१ साली रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरांनी जिलेटिनच्या कोरड्या काचेची कृती प्रसिद्ध केली, तीत पुढे सुधारणा झाल्या, आणि मोठ्या समूहांचे चित्रण सुकर झाले. २८ डिसेंबर १८८५ रोजी मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन भरले. प्रतिनिधी ७२ होते. त्या वेळचे समूहचित्र आम्ही अनेक वर्षे वर्गात दाखविले, विद्यार्थ्यांकडून पगड्याही मोजून घेतल्या. परंतु त्यांतील कोणती गडद पगडी प्रत्यक्षात तांबडी असेल, हा प्रश्न आम्हांस कधी सुचला नाही.

समूह मोठा असला म्हणजे आणखी एक अडचण येते. पुढची व मागची रांग सारखीच रेखीव यावयाची तर भिंगाचे छिद्र लहान ठेवावे लागते, आणि छिद्र लहान केले की प्रकाश कमी पडतो. दुपारी हे चालते, संध्याकाळी चालत नाही. म्हणून जाणते छायाचित्रकार खुर्च्या चंद्रकोरीसारख्या मांडीत, म्हणजे टोकाची माणसे व मधली माणसे भिंगापासून सारख्या अंतरावर येत.

उजेड सोबत न्यावा, ही युक्तीही जुनीच. १८८७ साली जर्मनीत मॅग्नेशियमच्या पुडीचा झगझगाट प्रचारात आला. मागाहून बल्ब आले, इलेक्ट्रॉनिक फ्लॅश आला. पण अशा दिव्याचा उजेड दुप्पट अंतरावर चौथाईच उरतो. हा नियम आम्ही शाळेत शिकविला आणि संमेलनात विसरलो.

सुमारे चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आभारप्रदर्शन आमच्याकडे होते. मांडववाल्यापासून आचाऱ्यापर्यंत कोणाचे नाव राहू नये, या भरात आम्ही पंचवीस मिनिटे घेतली. आपल्याकडे सूर्यास्तानंतर कामापुरता उजेड जेमतेम तेवढाच वेळ टिकतो. दीडशे माणसे पटांगणात उभी राहीपर्यंत अंधारून आले, आणि छायाचित्रकाराने फ्लॅश उडविला. खुर्च्यांवरील पदाधिकारी चुन्यासारखे पांढरेफटक उमटले. चौथ्या रांगेत काही टोप्या तेवढ्या दिसतात.

त्या रांगेत एक वृद्ध शेतकरी बंधू होते. आपल्या वसतिगृहास पहिली देणगी त्यांची. खुर्ची नाकारून ते आपण होऊन मागे जाऊन उभे राहिले होते. आयुष्यात त्यांनी दुसरा फोटो काढवून घेतला नव्हता. पुढच्या पावसाळ्यात ते वारले. त्यांचे चिरंजीव तसबिरीसाठी ते चित्र मागावयास आले, तेव्हा आम्ही दोघे भिंग घेऊन बसलो. टोपी सापडली. टोपीखाली मुद्रा नव्हती. वसतिगृहातील देणगीदारांच्या तसबिरींत त्यांची चौकट आजही नुसत्या अक्षरांची आहे.

आताचे कॅमेरे अंधुक उजेडातही बरेच काही टिपतात. तरी दीडशे माणसांच्या रांगा लावावयास अर्धा तास लागतो तो लागतोच. यंदा कार्यकारी मंडळाने समूहचित्र अध्यक्षीय भाषणापूर्वी, दुपारी ४ वाजता, घेण्याचे ठरविले आहे. त्या वेळी पटांगणावर इमारतीची सावली येते, त्यामुळे कोणाचे डोळे किलकिले होणार नाहीत. मागील रांगांसाठी शाळेतून १२ बाके मागविली आहेत. वयोवृद्धांनी कृपया पुढे बसावे, संकोच करू नये. रांगेनुसार नावे लिहून घेण्याची वही आमच्याजवळ राहील. आभारप्रदर्शन यंदा दुसऱ्या गृहस्थांकडे दिले आहे.