उशाशीं बसणारा

जव्हारचें संस्थान मुकणे घराण्याकडे शतकानुशतकें होतें. १९४८ सालीं तें मुंबई प्रांतांत विलीन झालें, आणि २०१४ पासून जव्हार व मोखाडा हे तालुके पालघर जिल्ह्यांत मोडतात. दरबार गेला, जिल्हा बदलला. परंतु डोंगर, दऱ्या आणि पावसाळ्यांत तुटणाऱ्या वाटा होत्या तेथेंच आहेत. एखाद्या पाड्यावर गरोदर बाई अडली म्हणजे तिला डोलींत घालून पक्क्या सडकेपर्यंत आणावें लागतें, आणि पोट चिरून मूल काढण्यावांचून गत्यंतर नसलें तर पुष्कळदां नाशिक किंवा ठाणें गांठावें लागतें, अशा वार्ता वर्तमानपत्रांतून आपण वाचतों. वाचक म्हणतील, शस्त्र चालविणारा डॉक्टर नसेल. नेहमींच तसें असतें असें नाहीं. खेड्यापाड्यांच्या रुग्णालयांत कित्येकदां उणीव असते ती भूल देणाऱ्याची. औषध बाटलींत असतें. तें देऊन रोग्याच्या उशाशीं बसणारा मनुष्य नसतो. या मनुष्याचा इतिहास थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

शस्त्रक्रियेपूर्वीं रोग्यास जेवूं घालावें आणि पिणाऱ्यास मद्य पाजावें, असें सुश्रुतानें सांगितलें. पुढें कित्येक शतकें याहून फारसा चांगला उपाय मनुष्यजातीच्या हातीं आला नाहीं. चार जणांनीं रोग्यास दाबून धरावें आणि शस्त्रवैद्यानें होईल तितकी त्वरा करावी, हीच सर्वत्र रीत. १६ ऑक्टोबर १८४६ रोजीं बोस्टन येथें मॉर्टन नांवाच्या दंतवैद्यानें ईथरची वाफ हुंगवून एका रोग्यास गुंगी आणली, आणि वॉरन यांनीं त्याच्या मानेवरील गांठीची शस्त्रक्रिया शांतपणें पार पाडली. पुढच्या मार्चांत ईथर कलकत्त्यास वापरलें गेलें. नोव्हेंबर १८४७ मध्यें एडिंबरोस सिम्प्सन यांनीं क्लोरोफॉर्म प्रचारांत आणला. दोनच महिन्यांत तोही कलकत्त्यास पोंचला. औषधाला यावयास फार वेळ लागला नाहीं.

परंतु त्याच सुमारास, जानेवारी १८४८ मध्यें, इंग्लंडांत न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचें नख काढण्यासाठीं क्लोरोफॉर्म देतांच कांहीं मिनिटांत मरण पावली. नखाच्या दुखण्यानें तिच्या जिवास धोका नव्हता. धोका आला तो दुःख हरण करणाऱ्या औषधानेंच. वेदना नाहींशी करणें निराळें आणि वेदना नाहींशी करून मनुष्यास सुखरूप परत आणणें निराळें, हा भेद त्या दिवशीं जगास कळला.

हा भेद ओळखण्याच्या खटपटींत आपल्या शेजारच्या हैदराबादेचा वांटा मोठा आहे. आजचा मराठवाडा तेव्हां त्याच राज्यांत होता. तेथील रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांचें म्हणणें असें कीं, क्लोरोफॉर्मनें आधीं श्वास थांबतो, हृदय मागाहून. सबब श्वासावर नजर ठेवावी, नाडीच्या मागें लागूं नये. १८८८ सालीं यासाठीं एक समिति बसली. तिचा निर्णय विलायतेंत मान्य होईना, तेव्हां निजाम महबूब अली खान यांनीं एक हजार पौंड देऊन १८८९ सालीं दुसरी बसविली, आणि 'लॅन्सेट' पत्रानें लॉडर ब्रंटन यांस हैदराबादेस धाडलें. चारशेंहून अधिक मुक्या जनावरांवर प्रयोग होऊन कौल लॉरी यांच्या बाजूनें पडला. तो सर्वस्वीं खरा नव्हता. हलक्या भुलींतही हृदय एकाएकीं बंद पडूं शकतें, असें १९११ सालीं गुडमन लेव्ही यांनीं दाखवून दिलें. तथापि क्षणभरही श्वासावरून लक्ष ढळूं देऊं नये, ही लॉरी यांची शिकवण चुकीची ठरली नाहीं. त्याच हैदराबादेंत रूपाबाई फर्दूनजी या पारशी डॉक्टरीणबाई क्लोरोफॉर्म देण्याचें काम करीत. जगांतील आरंभींच्या स्त्री-भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते.

महाराष्ट्रास ठाऊक असलेला प्रसंग पुण्याचा आहे. १२ जानेवारी १९२४ च्या रात्रीं येरवड्याचे बंदी महात्मा गांधी यांच्या आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया ससून रुग्णालयांत कर्नल मॅडॉक यांनीं केली. वादळांत वीज गेली, परिचारिकेच्या हातांतील बॅटरीही विझली, आणि शेवटीं कंदिलाच्या उजेडांत काम पुरें झालें. मॅडॉक यांचें नांव पुष्कळांस माहीत आहे. त्या रात्रीं उशाशीं कोण बसलें होतें हें किती जणांस सांगतां येईल? अंधार झाला तर शस्त्र क्षणभर थांबवितां येतें. भूल थांबवितां येत नाहीं. दिवा येईपर्यंत श्वास ऐकत बसावेंच लागतें.

१९४७ सालीं भारतीय भूलतज्ज्ञांची संस्था स्थापन झाली आणि या विद्येस आपल्याकडे स्वतंत्र प्रतिष्ठा मिळूं लागली. साधनेंही वाढलीं. १९७४ सालीं जपानांत आओयागी यांनीं बोटास चिमटा लावून रक्तांतील प्राणवायु मोजण्याच्या यंत्राचें तत्त्व प्रसिद्ध केलें. सुश्रुत जेवूं घाली, आपण उपाशीं ठेवतों, तें याचसाठीं कीं गुंगींत उलटी झाल्यास अन्न फुप्फुसांत उतरतें. प्रसूतीच्या वेळचा हा धोका मेंडेलसन यांनीं १९४६ सालीं सविस्तर मांडला. परंतु केव्हां जेवलीस, हें बाईस विचारणारें कोणी तरी हवें, आणि तें तिला समजेल अशा बोलींत विचारावयास हवें. जव्हार-मोखाड्यांत आणखीही विचारावें लागतें. येथील आयामाया पुष्कळदां रक्तक्षयानें पांढऱ्या पडलेल्या असतात, आणि आदिवासी समाजांत सिकलसेलचा विकार आढळतो. अशा रोग्यास थंडी वाजली, पाणी कमी पडलें किंवा प्राणवायु उणा झाला, तर रक्तपेशी कोयत्यासारख्या वांकून रक्तवाहिन्या तुंबवितात. तेव्हां अंगावर ऊबदार पांघरूण घालणें ही येथें नुसती माया नव्हे, ती चिकित्सा आहे.

ही उणीव भरून काढण्यासाठीं साध्या एम्. बी. बी. एस्. डॉक्टरांस अठरा आठवडे शिकवून अडलेल्या बाळंतपणांपुरती भूल देण्यास तयार करण्याची योजना सरकारनें आंखली. तिला नांवें ठेवणारे आहेत. अठरा आठवड्यांत तज्ज्ञ होत नाहीं, हें त्यांचें म्हणणें खोटेंही नाहीं. परंतु घाटांतल्या रस्त्यानें तासन्‌तास नेली जाणारी बाई त्या तज्ज्ञाची वाट पाहूं शकत नाहीं, हेंही तितकेंच खरें. आम्हांस वाटतें, जेथें तज्ज्ञ नाहीं तेथें शिकविलेला, जागा राहणारा आणि आपल्या ज्ञानाची मर्यादा ओळखणारा डॉक्टर हवाच, आणि त्याच्या पाठीशीं तज्ज्ञ आणण्याची खटपट न थकतां चालू राहिली पाहिजे. ईथर बोस्टनहून कलकत्त्यास पांच महिन्यांत आलें. तें देऊन उशाशीं बसणारा मनुष्य मात्र पावणेदोनशें वर्षें लोटलीं तरी मुंबईपासून दीडशें किलोमीटरांच्या आंतील डोंगरांत अजून बेताबेतानेंच पोंचतो आहे.